मुद्रित परिपथ फलकावरील तांब्याच्या थराची जाडी

मुद्रित परिपथ फलक, म्हणजेच पीसीबी, हा काचतंतू व राळ यांच्या निरोधक पाट्यावर तांब्याचा पातळ थर बसवून तयार केला जातो. या थरातील नको असलेला भाग रसायनाने काढून टाकल्यावर उरणाऱ्या पट्ट्या विद्युतधारा वाहून नेतात. पट्टीची लांबी व रुंदी फलकाच्या आराखड्यात दिसते. तिसरे माप, म्हणजे तांब्याची जाडी, आराखड्यात दिसत नाही. ती फलकाच्या मागणीपत्रात एका आकड्याने नोंदवली जाते आणि तो आकडा बहुधा 'एक औंस' असतो. औंस हे वजनाचे एकक आहे, जाडीचे नव्हे. शिवाय ते वजन कारखान्यात आलेल्या कच्च्या वर्खाचे असते, तयार फलकावर उरलेल्या तांब्याचे असतेच असे नाही. त्यामुळे 'एक औंस' या एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या फलकांवरील तांब्याच्या जाडीत जवळजवळ दुपटीचा फरक असू शकतो. पट्टी किती तापेल, तिच्यावर किती विभवांतर खर्ची पडेल आणि छिद्रांच्या भिंती किती वर्षे टिकतील हे या जाडीवर अवलंबून असते.

औंस या एककाचा अर्थ

एक चौरस फूट क्षेत्रफळावर एक औंस तांबे समप्रमाणात पसरले असता जो थर तयार होतो, त्याला एक औंसाचा थर म्हणतात. धातूचा पत्रा वजनावरून ओळखण्याची ही पद्धत अमेरिकेतील आहे. तेथे छपरासाठी वापरला जाणारा तांब्याचा पत्रा आजही सोळा औंस, वीस औंस अशा नावांनी विकला जातो. सोळा औंसाचा असा पत्रा सुमारे ०.५५ मिलिमीटर जाड असतो.

एका औंसात २८.३५ ग्रॅम असतात आणि एक चौरस फूट म्हणजे ९२९ चौरस सेंटिमीटर. यावरून दर चौरस मीटरला ३०५ ग्रॅम तांबे पडते. शुद्ध तांब्याची घनता दर घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम धरली, तर जाडी ३४.१ मायक्रोमीटर येते. आयपीसी या अमेरिकेत १९५७ मध्ये स्थापन झालेल्या व्यावसायिक संघटनेच्या वर्खविषयक मानकात, म्हणजे आयपीसी-४५६२ मध्ये, ती ३४.३ मायक्रोमीटर दिली आहे. व्यवहारात ३५ हा आकडा रूढ आहे. इंचाच्या हजाराव्या भागाला 'मिल' म्हणतात. त्या मापात हीच जाडी १.३५ ते १.३७ मिल अशी लिहिलेली आढळते. या आकड्यांमधील तफावत तीन टक्क्यांच्या आत असल्याने तिच्यावरून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. निर्मितीत पडणारा फरक याहून कितीतरी मोठा असतो.

| नाव | वजन, ग्रॅम प्रति चौरस मीटर | नाममात्र जाडी, मायक्रोमीटर | २०° से. तापमानास एका चौरसाचा रोध, मिलिओहम |
|---|---|---|---|
| १/४ औंस | ७६ | ८.५ | २.० |
| १/३ औंस | १०७ | १२ | १.४ |
| १/२ औंस | १५३ | १७.१ | १.० |
| १ औंस | ३०५ | ३४.३ | ०.५० |
| २ औंस | ६१० | ६८.६ | ०.२५ |
| ३ औंस | ९१५ | १०२.९ | ०.१७ |

शेवटच्या रकान्यातील 'एका चौरसाचा रोध' ही कल्पना फलकाच्या आरेखनात फार उपयोगी पडते. एकसमान जाडीच्या थरातून कापलेला कोणताही चौरस, तो एक मिलिमीटरचा असो वा एक मीटरचा, समोरासमोरच्या दोन बाजूंमध्ये सारखाच रोध दाखवतो. लांबी वाढली की रोध वाढतो आणि रुंदी वाढली की तेवढाच कमी होतो. त्यामुळे पट्टीच्या लांबीला रुंदीने भागून चौरसांची संख्या काढली आणि तिला रकान्यातील आकड्याने गुणले की पट्टीचा रोध मिळतो. १०० मिलिमीटर लांब व १ मिलिमीटर रुंद पट्टीत १०० चौरस असतात. एक औंस तांब्यात तिचा रोध सुमारे ५० मिलिओहम होतो.

वर्खाची निर्मिती

फलकांसाठी लागणारा बहुतेक वर्ख विद्युत्‌निक्षेपणाने तयार होतो. तांब्याचे सल्फेट व गंधकाम्ल यांच्या द्रावणात टायटॅनियमच्या पृष्ठभागाचा मोठा रूळ अर्धवट बुडवून संथ गतीने फिरवतात. रूळ ऋणाग्र असल्याने त्याच्यावर तांबे साचत जाते आणि द्रावणाबाहेर आलेल्या बाजूने तो थर सलग सोलून गुंडाळला जातो. रूळ जितका हळू फिरेल तितका वर्ख जाड होतो. रुळाला चिकटलेली बाजू गुळगुळीत व चकचकीत असते, तर द्रावणाकडील बाजू खरबरीत असते. राळेत घट्ट रुतून बसावी म्हणून पारंपरिक वर्खात ही खरबरीत बाजूच पाट्याकडे ठेवली जाते.

दुसरा प्रकार लाटलेल्या वर्खाचा आहे. तांब्याची लादी रुळांमधून पुन्हा पुन्हा लाटून व तापवून मऊ करून तो बनवतात. विद्युत्‌निक्षेपित वर्खाचे स्फटिककण जाडीच्या दिशेने उभे वाढलेले असतात, लाटलेल्या वर्खाचे पृष्ठभागाशी समांतर पसरलेले असतात. वारंवार वाकणाऱ्या लवचीक फलकांत म्हणून लाटलेला वर्ख वापरतात, आणि तोही पातळ. पट्टी वाकली की तिच्या बाहेरील कडेवर ताण पडतो. जाडी वाढली की हा ताणही वाढतो. अशा फलकांत ३५ मायक्रोमीटरपेक्षा १८ किंवा १२ मायक्रोमीटरचे तांबे अधिक काळ टिकते.

आयपीसी-४५६२ नुसार वर्ख नाममात्र जाडीपेक्षा दहा टक्क्यांपर्यंत पातळ असला तरी तो स्वीकारार्ह ठरतो. एक औंसाचा वर्ख कारखान्यात येतानाच ३०.९ मायक्रोमीटरचा असू शकतो. पुढील सर्व हिशोब याच किमान आकड्यापासून सुरू होतात.

तयार फलकावर उरणारी जाडी

बहुस्तरीय फलकाचे आतील व बाहेरील थर वेगवेगळ्या प्रक्रियांतून जातात. आतील थराचा वर्ख आधीच पाट्यावर चिकटवलेला असतो. त्यावर नक्षी उमटवणे, नको असलेले तांबे रसायनाने काढणे आणि राळ चिकटावी म्हणून पृष्ठभाग खरबरीत करणे ही कामे होतात. या सर्व टप्प्यांवर तांबे फक्त कमी होते. ते कोठेही वाढत नाही. तयार फलकांच्या आयपीसी-६०१२ या मानकात एक औंसाच्या आतील थरासाठी या प्रक्रियांत ६ मायक्रोमीटर घट मान्य केलेली आहे. ३०.९ मधून ६ वजा केल्यावर किमान जाडी २४.९ मायक्रोमीटर उरते. अर्ध्या औंसाच्या आतील थरासाठी ही किमान मर्यादा ११.४ आणि दोन औंसासाठी ५५.७ मायक्रोमीटर आहे.

बाहेरील थराचे उलट असते. फलकाला छिद्रे पाडल्यानंतर त्यांच्या भिंतींवर तांबे चढवावे लागते. हे विद्युत्‌लेपन होत असताना बाहेरच्या पृष्ठभागावरही तांबे चढते. त्यामुळे बाहेरील थराची अंतिम जाडी ही मूळ वर्ख आणि लेपन यांची बेरीज असते. त्याच मानकाच्या वर्ग २ मध्ये, म्हणजे दीर्घकाळ भरवशाने चालावयाच्या सर्वसाधारण उपकरणांच्या वर्गात, मूळ वर्ख एक औंसाचा असेल तर अंतिम किमान जाडी ४७.९ मायक्रोमीटर येते आणि अर्ध्या औंसाचा असेल तर ३३.४.

घोटाळा येथेच होतो. अनेक कारखाने बाहेरील थरासाठी अर्ध्या औंसाचा वर्ख घेऊन त्यावर लेपन करतात आणि तयार फलक 'एक औंस' म्हणून देतात. अंतिम जाडीच्या दृष्टीने त्यात काहीच खोटे नसते. दुसरा एखादा कारखाना 'एक औंस' याचा अर्थ मूळ वर्ख असा घेतो. आतील थरांच्या बाबतीत तर सर्वत्र मूळ वर्खाचाच औंस मोजला जातो. परिणामी २४.९, ३३.४ आणि ४७.९ मायक्रोमीटर या तिन्ही जाड्या मानकात बसून 'एक औंस' ठरू शकतात. ज्याने हिशोबात सरसकट ३५ धरले त्याच्या फलकात आतील पट्टीचा रोध अपेक्षेपेक्षा चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त निघतो. जाणकार आरेखक म्हणूनच मागणीपत्रात औंसाबरोबर प्रत्येक थराची किमान अंतिम जाडी मायक्रोमीटरमध्ये लिहितात. मूळ वर्ख कोणता घ्यायचा हे मग कारखान्यावर सोडता येते.

लेपनही सर्वत्र सारखे होत नाही. विद्युतधारा फलकाच्या कडांकडे आणि एकट्या-दुकट्या पट्ट्यांकडे अधिक ओढली जाते, त्यामुळे तेथे तांबे जास्त चढते. दाट नक्षीच्या भागात ते कमी चढते. हा फरक कमी करण्यासाठी मोकळ्या जागेत तांब्याचे निरुपयोगी ठिपके ठेवण्याची पद्धत आहे. परिपथाशी त्यांचा काही संबंध नसतो. जादा धारा आपल्याकडे ओढून घेणे एवढेच त्यांचे काम असते.

विद्युतधारा व तापवाढ

पट्टीतून धारा वाहताना तिच्या रोधामुळे उष्णता निर्माण होते आणि पट्टीचे तापमान आसपासच्या हवेपेक्षा वाढते. किती वाढ चालेल हे आधी ठरवून त्यावरून पट्टीचा छेद निवडतात. यासाठी सर्वाधिक वापरले गेलेले सूत्र आयपीसी-२२२१ या मानकाशी जोडलेले आहे:

विद्युतधारा = स्थिरांक × (तापवाढ)^०.४४ × (छेदाचे क्षेत्रफळ)^०.७२५

येथे धारा अँपिअरमध्ये, तापवाढ सेल्सिअस अंशांत व क्षेत्रफळ चौरस मिलमध्ये घ्यावयाचे असते. स्थिरांक बाहेरील पट्टीसाठी ०.०४८ व आतील पट्टीसाठी ०.०२४ आहे. ५ अँपिअर धारा व १० अंश तापवाढ धरल्यास बाहेरील पट्टीला १५० चौरस मिल छेद लागतो. एक औंस तांब्यात त्यासाठी सुमारे २.८ मिलिमीटर रुंदी द्यावी लागते आणि दोन औंसात १.४ मिलिमीटर. आतील पट्टीसाठी हेच सूत्र एक औंसात ७.२ मिलिमीटर रुंदी मागते.

या सूत्रामागील आलेख १९५० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स या संस्थेत केलेल्या मोजमापांवर आधारलेले आहेत. तेथून ते लष्करी मानकांत आणि पुढे आयपीसीच्या मानकांत आले. आतील पट्टीचा आलेख मात्र स्वतंत्र मोजमापातून आलेला नव्हता. बंदिस्त पट्टी जास्त तापेल असे गृहीत धरून बाहेरील पट्टीची धारा निम्मी करण्यात आली होती. प्रत्यक्षात फलकाचा पाटा हवेपेक्षा सुमारे दहापट चांगला उष्णतावाहक असतो, त्यामुळे आतील पट्टी बाहेरीलपेक्षा फारशी जास्त तापत नाही. काही वेळा ती थोडी थंडच राहते. नव्याने केलेल्या मोजमापांवर आधारित आयपीसी-२१५२ हे मानक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. फलकाची जाडी, शेजारी असलेले तांब्याचे सलग पटल आणि हवा आहे की निर्वात यांचा विचार त्यात केलेला आहे. जुने सूत्र सोपे असल्याने आजही अनेक गणनयंत्रांत तेच आढळते. त्याचे उत्तर आतील थरांसाठी बहुधा गरजेपेक्षा सावध असते. जागेची चणचण असलेल्या फलकात ही सावधगिरी महाग पडते, तर जाडीच्या घोटाळ्यात काही वेळा तीच फलकाला वाचवते.

तापमानापेक्षा विभवांतराची मर्यादा पुष्कळदा आधी आडवी येते. वरील २.८ मिलिमीटर रुंदीची पट्टी १०० मिलिमीटर लांब असेल तर तिच्यात सुमारे ३६ चौरस होतात. ३४.३ मायक्रोमीटर जाडीस तिचा रोध १८ मिलिओहम येतो. ५ अँपिअरला तिच्यावर ०.०९ व्होल्ट खर्ची पडतात आणि ०.४५ वॅट उष्णता निर्माण होते. तीच पट्टी २४.९ मायक्रोमीटर जाडीच्या आतील थरात असेल तर रोध २५ मिलिओहम, घट ०.१२ व्होल्ट आणि उष्णता ०.६२ वॅट होते. बारा व्होल्टच्या परिपथात ही घट कोणाच्या लक्षातही येणार नाही. एक व्होल्टवर चालणाऱ्या प्रक्रियकाला मात्र पुरवठ्यात तीन-पाच टक्क्यांचीच सूट असते. तेथे एवढ्या फरकाने संगणक अधूनमधून बंद पडू लागतो आणि दोष आज्ञावलीत शोधला जातो. तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. ७० अंश तापमानाच्या पट्टीचा रोध २० अंशांच्या तुलनेत सुमारे वीस टक्क्यांनी अधिक असतो.

छिद्रांच्या भिंती

एका थरावरून दुसऱ्या थरावर धारा नेणाऱ्या छिद्राला व्हाया म्हणतात. त्याच्या भिंतीवरील तांब्याला मूळ वर्खाचा काहीच आधार नसतो. ते सर्वस्वी लेपनातून आलेले असते. म्हणून जास्त औंसाचा फलक मागवल्याने छिद्राची भिंत आपोआप जाड होत नाही. आयपीसी-६०१२ मध्ये भिंतीवरील तांब्याची सरासरी जाडी वर्ग २ साठी किमान २० व वर्ग ३ साठी किमान २५ मायक्रोमीटर सांगितली आहे. वर्ग ३ हा वैद्यकीय, वैमानिकी व लष्करी स्वरूपाच्या, बंद पडणे परवडणार नाही अशा उपकरणांचा वर्ग आहे. ०.३ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रात २५ मायक्रोमीटर लेपन असेल तर तांब्याचा छेद ०.०२२ चौरस मिलिमीटर भरतो. एक औंसाच्या सुमारे ०.६ मिलिमीटर रुंद पट्टीएवढे हे तांबे असते.

या ५ मायक्रोमीटरच्या फरकाचे महत्त्व विजेपेक्षा यांत्रिक बळासाठी अधिक आहे. तांबे दर अंशाला दशलक्षात सुमारे १७ भाग प्रसरण पावते. एफआर-४ या प्रचलित पाट्याचे जाडीच्या दिशेने होणारे प्रसरण नेहमीच्या तापमानात त्याच्या तीन-चारपट असते आणि डाख वितळण्याच्या तापमानाला ते आणखी पुष्कळ वाढते. प्रत्येक वेळी फलक तापला की पाटा फुगतो आणि छिद्राची तांब्याची नळी उभी ताणली जाते. भिंत पातळ असेल तर काही शे चक्रांनंतर तिच्या मधोमध आडवी चीर पडते. असा दोष फसवा असतो. फलक गरम असताना परिपथ तुटतो आणि थंड झाल्यावर चिरेच्या कडा पुन्हा टेकून तो जोडला जातो. तपासणीच्या टेबलावर फलक निर्दोष दिसतो.

एचिंग व सूक्ष्म नक्षी

तांबे जाड केले की रोध कमी होतो, पण बारीक नक्षी काढणे अवघड होते. नको असलेले तांबे विरघळवणारे रसायन खाली उतरता उतरता आडवेही खात जाते. पट्टीचा छेद आयताकृती न राहता वर अरुंद व तळाशी रुंद असा समलंब होतो. खाली दोन भाग उतरताना आडवा एक भाग खाल्ला जातो असे धरले, तर ३५ मायक्रोमीटर जाडीत दोन्ही कडांनी मिळून ३५ मायक्रोमीटर रुंदी जाते आणि ७० मायक्रोमीटर जाडीत ७०. म्हणजे ०.१ मिलिमीटर रुंदीची पट्टी दोन औंस तांब्यात माथ्याशी जेमतेम ३० मायक्रोमीटर उरेल. कारखाने मूळ नक्षीतील पट्टी थोडी रुंद करून ही घट भरून काढतात, परंतु त्यासाठी शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जागा असावी लागते. औंस वाढला की पट्टीची किमान रुंदी व किमान अंतर वाढते ते यामुळेच. तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत फेरिक क्लोराइडच्या ताटात हाताने फलक करतानाही हेच दिसते. जाड तांबे पूर्ण विरघळेपर्यंत फलक ताटात ठेवावा लागतो आणि तोवर बारीक रेषा दोन्ही कडांनी खाल्ल्या जाऊन तुटतात.

मोबाइल दूरध्वनीतील अतिसूक्ष्म नक्षीसाठी याउलट मार्ग धरला जातो. तेथे काही मायक्रोमीटर जाडीचाच वर्ख घेतात. तो इतका नाजूक असतो की हाताळण्यासाठी त्याला जाड वर्खाचा तात्पुरता आधार द्यावा लागतो. पट्ट्यांच्या जागी लेपनाने तांबे वाढवतात आणि शेवटी पट्ट्यांमधील पातळ मूळ वर्ख हलक्या एचिंगने काढतात. विरघळवायचे तांबेच थोडे असल्याने कडा जवळजवळ उभ्या राहतात.

उच्च वारंवारता

प्रत्यावर्ती धारा वाहकाच्या पृष्ठभागाजवळ एकवटते. याला त्वचा परिणाम म्हणतात. तांब्यात ती ज्या खोलीपर्यंत मुख्यतः वाहते, ती खोली ५० हर्ट्‌झला सुमारे ९ मिलिमीटर, १ मेगाहर्ट्‌झला ६६ मायक्रोमीटर आणि १ गिगाहर्ट्‌झला सुमारे २ मायक्रोमीटर असते. घरगुती विजेच्या वारंवारतेला फलकावरील सर्व तांबे उपयोगी पडते. गिगाहर्ट्‌झच्या संदेशांना एक औंस आणि दोन औंस यांत जवळजवळ काहीच फरक जाणवत नाही. तेथे वर्ख किती खरबरीत आहे याला महत्त्व येते. धारा दोन मायक्रोमीटरच्या थरात वाहत असताना पृष्ठभागावरील उंचवटे तेवढेच किंवा त्याहून मोठे असतील तर तिला चढउताराचा लांब रस्ता पडतो आणि संदेश क्षीण होतो. औंसाच्या आकड्यात हा खरबरीतपणा कोठेच उमटत नाही. अशा फलकांसाठी कमी खरबरीत वर्ख वेगळा सांगून मागवावा लागतो.

संदेशवाहक पट्टीच्या संरोधावरही जाडीचा परिणाम होतो. प्रचलित अंदाजी सूत्राने पाहिले असता, पाट्याचा परावैद्युतांक ४.३, खालच्या पटलापासून अंतर ०.२ मिलिमीटर व रुंदी ०.३५ मिलिमीटर असलेल्या बाहेरील पट्टीचा संरोध अर्ध्या औंसास सुमारे ५१, एक औंसास ४९ आणि दोन औंसास ४५ ओहम येतो. पन्नास ओहमला धरून आखलेल्या पट्टीवर विजेच्या सोयीसाठी मागाहून तांबे दुप्पट केले तर संदेशाचा काही भाग परावर्तित होऊ लागतो.

जाड तांब्याचे फलक

तीन औंस व त्याहून अधिक तांब्याच्या फलकांना व्यवहारात जाड तांब्याचे फलक म्हणतात. विद्युत रूपांतरक, वाहनांचे प्रभारक आणि वेल्डिंग यंत्रे यांत ते आढळतात. तांब्याची उष्णतावाहकता पाट्याच्या हजारपटीहून अधिक असल्याने जाड थर उष्णताही दूरवर पसरवतो. मात्र डाख लावताना हाच गुण आड येतो. पटलाला थेट जोडलेल्या टोकाची उष्णता तांबे ओढून घेते आणि डाख नीट वितळत नाही. म्हणून टोक आणि पटल यांच्यात चार अरुंद दांड्या ठेवून उष्णतेची वाट मुद्दाम अरुंद करतात. आतील थर जाड असेल तर पट्ट्यांमधील खोल चर भरण्यासाठी जास्त राळेचे प्रीप्रेग लागते. राळ कमी पडली की पोकळ्या राहतात. वरच्या व खालच्या भागांतील तांबे असमान असेल तर फलक थंड होताना वाकतो. पृष्ठभागावर घटक बसवायच्या फलकांसाठी आयपीसी-६०१२ ने हा वाक ०.७५ टक्क्यापर्यंतच मान्य केला आहे.

स्वस्त वीजपुरवठ्यांत पट्टीवरील सोल्डर मास्क काढून तिच्यावर डाखाचा जाड थर चढवलेला दिसतो. युक्ती जुनी आहे, पण तिचा लाभ वाटतो तितका नसतो. डाखाची रोधकता तांब्याच्या सात-आठ पट असते. एक औंस तांब्याची बरोबरी करायला पाव मिलिमीटर किंवा अधिक डाख सर्वत्र सारखा बसावा लागतो. पट्टीवर तांब्याची तार डाखणे त्याहून परिणामकारक ठरते.

मोजमाप

तयार फलकावरील जाडी पडताळण्याची निर्णायक पद्धत सूक्ष्मछेदाची आहे. फलकाचा लहान तुकडा कापून तो पारदर्शक राळेत बसवतात, छिद्राच्या बरोबर मध्यापर्यंत घासतात, चकचकीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मापतात. मूळ वर्ख व त्यावरील लेपन यांच्यातील सीमारेषा हलक्या एचिंगनंतर स्पष्ट दिसते, त्यामुळे कोणते तांबे कोठून आले हेही कळते. यात नमुना नष्ट होतो. म्हणून कारखान्यात मोठ्या पाट्याच्या कडेला चाचणीसाठी वेगळी पट्टी राखून ठेवतात आणि छेद तिचाच घेतात. फलक न कापता मोजण्यासाठी बाहेरील थरावर चार टोकांच्या सूक्ष्म रोधमापकाचा आणि छिद्रांत आवर्त धारेवर चालणाऱ्या शोधणीचा उपयोग होतो.

ज्याच्याकडे यांपैकी काहीच साधन नाही, त्यालाही ज्ञात लांबी-रुंदीच्या पट्टीवरून अंदाज घेता येतो. पट्टीतून एक अँपिअर धारा सोडावी आणि धारेच्या तारांपासून वेगळ्या, आतल्या बाजूला टेकवलेल्या दोन टोकांमधील विभवांतर मोजावे. मोजलेल्या भागात १०० चौरस असतील तर नाममात्र एक औंसाला सुमारे ५० मिलिव्होल्ट मिळतील. ७० मिलिव्होल्टच्या आसपास वाचन आले, तर तांबे २५ मायक्रोमीटरच्या जवळपास आहे. पट्टी अरुंद असेल तर समलंब छेदामुळे हा अंदाज चुकतो. निदान दोन-तीन मिलिमीटर रुंद पट्टी त्यासाठी निवडावी लागते.